सामानाजवळ कोणीतरी हवं

८ मार्च

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र काल पोहोचलं. इकडे सगळं ठीक आहे. माझे गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात, हे स्वतःच्या मर्जीने चालतात, आणि मी दोघांच्या मध्ये. तुमच्या दुकानात चष्म्याच्या नव्या फ्रेम आल्या का? तुम्ही मला बसवून दिलेली तपकिरी फ्रेम अजून ठणठणीत आहे. मध्यंतरी हे तिच्यावर बसले, तेवढी एक काडी वाकडी झाली. दोष फ्रेमचा नाही.

फोन न करता पत्र लिहिलंत ते फार बरं केलंत. फोनवर आपण दोघी एकदम बोलायला लागतो आणि मग एकदम थांबतो. त्यातून आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवायची पद्धत. मी अर्धं वाक्य बोलले की हे मागून दुरुस्ती करतात. आयुष्यभर नगररचना खात्यात नकाशे काढले ना, चुकलेली रेघ दिसली की हात शिवशिवतात. पत्रात निदान माझं वाक्य माझ्याच हातून संपतं.

तर तुम्ही निघालात! दुकान भाच्याच्या हवाली करून, चांगले दोन-तीन आठवडे! तुमची लेक, म्हणजे आमची सूनबाई, फोनवर लहान मुलीसारखी नाचत होती. मला खरंच आनंद झाला. नवरा गेल्यापासून तुम्ही त्या काउंटरच्या मागून हललाच नव्हता.

आता तुम्ही लिहिलंय, "तुम्हीही चला, एजंटने माझ्या शेजारची जागा महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत तुमच्यासाठी धरून ठेवली आहे." विहीणबाई, मनापासून आभार, पण आग्रह करू नका. गुडघे आहेत. आणि माझं सगळं बघून झालंय. गेल्या वेळी आम्ही दोघं गेलो तेव्हा मुलाने एक ठिकाण सोडलं नाही. पुन्हा पुन्हा तेच काय बघायचं? माझा व्हिसा अजून चालू आहे, पण तो असू दे. तुम्ही अनुभवाचा सल्ला मागितलाय, तो मी भरपूर देते.

पहिली गोष्ट तिकिटाची. पासपोर्टवर नाव जसं छापलंय तसंच्या तसं तिकिटावर हवं. गेल्या वेळी ह्यांनी सगळं बुकिंग घरी बसून स्वतः केलं. "एजंट कशाला? शहरं आखली मी, मला एक तिकीट काढता येणार नाही?" आणि माझं आडनाव नावाच्या चौकटीत, नाव आडनावाच्या चौकटीत. विमानतळावरची ती मुलगी मला गोड आवाजात नुसत्या आडनावाने हाक मारत होती आणि हे बाजूला उभे राहून घाम पुसत होते. तुम्ही एजंटकडून करताय ते उत्तम. तरी तिकीट हातात आलं की दुकानातल्या भिंगाखाली धरून वाचाच.

मध्ये विमान बदलायचं असेल तर वेळ भरपूर ठेवा. ह्यांनी नकाशावर दोन्ही गेटांमध्ये बोट ठेवून दाखवलं होतं, "हे बघ, बोटभर अंतर." त्या बोटभर अंतरात मी जी धावले, तशी शाळेच्या शर्यतीतही धावले नव्हते, आणि तेव्हा माझ्या दोन्ही हातांत पिशव्या नव्हत्या.

औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. कपड्यांचा एक जोडही जवळ ठेवा. आमची मोठी बॅग आमच्यामागून आरामात, जग फिरून आली. तोवर मी सूनबाईचा छातीवर बदक असलेला गाऊन घालून वावरले आणि ह्यांनी मुलाच्या अर्ध्या चड्डीत परदेश पाहिला. पासपोर्टची झेरॉक्स पासपोर्टपासून वेगळी ठेवा. प्रवासाचा विमा काढा. लागत नाही, पण काढला नाही की लागतो.

आता बघायची ठिकाणं. मनोरा, संग्रहालय, राजवाडा, सगळीकडची तिकिटं आधी काढावी लागतात आणि त्यावर वेळ छापलेली असते. त्या वेळेला दारात नसलात तर गेलात. तिकीट काढताना खरी वेबसाइट बघून घ्या, तिच्यासारखी दिसणारी नक्कल असते आणि ती दामदुपटीने विकते. सकाळी दार उघडताना जा. आणि सुट्टीचा वार बघा हो! ह्यांनी राजवाड्याचा सगळा इतिहास पाठ केला होता, कोणता राजा कोणत्या खोलीत मेला इथपर्यंत. फक्त मंगळवारी राजवाडा बंद असतो एवढं वाचलं नव्हतं. आम्ही फाटकाचे फोटो काढले आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून डबे खाल्ले. खरं सांगू, तो दिवस मला फार आवडला. सगळे माझ्या शेजारी बसले होते.

मनोऱ्याखाली गेलात की त्याच्या डावीकडच्या खांबाजवळ एक मोठं झाड आहे, त्याखाली हिरवं बाक. त्याची डावी बाजू धरा. उजवीकडची फळी चिमटे काढते. दुपारी ऊन सरकत येतं, तेव्हा पाय आत घ्यायचे. कबुतरं उद्धट आहेत, डबा उघडा ठेवू नका. समोर एक म्हातारा चित्रकार बसतो, तो पर्यटकांची चित्रं काढून देतो. कोणीही बसू दे, नाक तो स्वतःचंच काढतो.

तिथेच एक पोरगी हातात पॅड घेऊन फिरते. "सही करा," म्हणते, मुक्या-बहिऱ्यांसाठी की कशासाठी. तुम्ही सही करायला वाकलात की तिची जोडीदारीण तुमच्या पर्सशी. मी बसल्या जागी त्यांची अख्खी पद्धत पाठ केली. मग ती कुणाजवळ गेली की मी बाकावरूनच बोट दाखवून ओरडायचे. शेवटी ती मला लांबून हात करून पलीकडच्या बाजूला जायला लागली.

संग्रहालयात छत्र्या ठेवायच्या खिडकीशेजारी गोल मखमली सोफा आहे. झकास. स्वच्छतागृह तळघरात, फुकट आणि चकाचक. तिथल्या पहारेकरीण बाईंचे पाय दुखतात, त्यांना माझा नमस्कार सांगा. मी त्यांना माझ्या गुडघ्याचं मलम दिलं होतं, गुण आला का तेही विचारा. घड्याळाच्या मनोऱ्याला मात्र बाक नाही, दगडी पायऱ्या आहेत. गार असतात. खाली घ्यायला वर्तमानपत्र न्या.

एवढं पुरे ना? आणखी काही हवं असेल तर विचारा, संकोच करू नका.

सगळ्यांना आशीर्वाद, तुमच्या भाच्याला जास्त. दुकान सांभाळायचंय त्याला.

तुमची अनुभवी
विहीण

---

१७ मार्च

विहीणबाईंना नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. वाचून आधी राग आला. मग चहा केला, चहा पिऊन पुन्हा वाचलं, पुन्हा राग आला.

तुम्ही लिहिता, "माझ्या दुकानात येणाऱ्या माणसाला तक्त्यावरचं वरचं मोठं अक्षर दिसतं आणि खालची बारीक ओळ वाचता येत नाही. तुमचं उलटं आहे. खालचं बाक, फळी, कबुतर सगळं लख्ख दिसलं, आणि वरचा अख्खा मनोरा तेवढा दिसला नाही?"

असं कुठे विहिणीला लिहितात? आपल्या दोघींच्या वयाचा, नात्याचा काही मुलाहिजा? मी पत्र लपवून ठेवलं. ह्यांच्या हाती लागलं असतं तर हसून हसून ब्लडप्रेशर वाढलं असतं.

मनोरा दिसणार नाही कसा? तेवढा मोठा! घ्या वरचं वर्णन. वरून सगळं शहर दिसतं. नदी दिसते. माणसं मुंगीएवढी दिसतात. वारा इतका की ह्यांची टोपी उडाली आणि दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावरून उचलून आणावी लागली. वर जायला लिफ्ट आहे, मधल्या मजल्यावर उतरून दुसरी धरावी लागते म्हणे. टोकाला एक छोटं दुकान आहे, तिथे सगळं महाग. आमचे हे तिथून चमचा घेऊन आले, त्याच्या दांड्यावर मनोरा आहे. घरी आहे, तुम्ही याल तेव्हा दाखवीन. डाळीत बुडत नाही, फार लहान आहे.

संग्रहालयातल्या त्या जगप्रसिद्ध चित्राविषयी तुम्ही विचारलंय. लहान आहे. पुढे फार गर्दी, लोक चित्राकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढतात. चिरंजीव म्हणाले, "आई, पोस्टकार्डावर यापेक्षा चांगलं दिसतं." पोस्टकार्ड मी पाहिलंय, नीट, दोन्ही बाजूंनी. म्हणजे पाहिल्यासारखंच झालं.

घड्याळाच्या मनोऱ्यावरची घंटा खालून जास्त छान ऐकू येते. वर जाऊन कानाचे पडदे फाडून घ्यायचे कशाला?

समाधान झालं? झालं असेल तर पुढचं ऐका. बूट नवे घेऊ नका, घेतले असतील तर आत्तापासून घालून दुकानात फिरा. रस्त्यात कुणी प्रेमाने हाताला दोरा बांधायला आला तर दोन्ही हात खिशात घाला. पाण्याची बाटली रिकामी करून तपासणीतून न्या, आत भरायला नळ असतात. आम्ही भरलेल्या नेल्या, मग त्या दारातच उभं राहून संपवाव्या लागल्या आणि पुढे रांगेत सगळ्यांची जी तारांबळ उडाली ती पत्रात लिहिण्यासारखी नाही. आणि पिशव्या कमी न्या. मोठी पिशवी घेऊन आत सोडत नाहीत, कुठेच नाहीत. हे मी खालच्या अनुभवावरून सांगते.

परवा चिरंजीवांचा फोन आला होता. तोही म्हणाला, "आई, तूसुद्धा ये ना." का ये म्हणाला ते जाऊ दे. मी नाही म्हटलं. स्वच्छ नाही म्हटलं. तुमच्या एजंटला सांगा, जागा सोडून दे, शुक्रवारपर्यंत थांबायची काही गरज नाही. अर्थात त्याने धरलीच असेल तर तुम्ही मुद्दाम त्याच्याकडे फेरी मारू नका. उन्हाचं कशाला? आपोआप सुटेल.

नातं नाजूक आहे म्हणून थांबते. नाहीतर त्या तक्त्यावरून मला अजून बरंच बोलायचं होतं.

कळावे, लोभ आहे, थोडा कमी झालाय.

तुमची
सगळं पाहिलेली विहीण

ता. क. ती शेजारची जागा खिडकीची आहे का? सहज विचारते.

---

२८ मार्च, शुक्रवार

विहीणबाई,

नमस्कार वगैरे सगळं आलं असं समजा. आज मला थेट मुद्द्यावर यायचंय.

तुमचं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एवढंच, "का ये म्हणाला? आणि हो, खिडकीची आहे." चष्मेवाल्या बाई, तुम्ही पक्क्या आहात. मला वाटलं होतं तुम्ही रुसाल.

सांगते. चिरंजीव म्हणाला, "आई, तू पण ये ना. आम्ही सासूबाईंना घेऊन वर जाऊ तेव्हा सामानाजवळ कोणीतरी हवं."

त्याच्या मनात काही नव्हतं हो. तो मायेनेच बोलला. लहानपणापासून त्याने मला तशीच बघितलीय, शाळेच्या मैदानाबाहेर त्याचं दप्तर घेऊन, पोहायच्या तलावावर टॉवेल घेऊन, लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या पर्स मांडीवर घेऊन. तुमच्या लेकीच्या लग्नात तुमचीसुद्धा पर्स माझ्याकडे होती, आठवतंय? पण फोन ठेवला आणि मी तिथेच खाली बसले. हे विचारायला लागले, "काय झालं?" मी म्हटलं, "गुडघा."

तर तुमचा तक्ता बरोबर आहे. मी मनोऱ्यावर गेले नाही. संग्रहालयात सोफ्यापुढे गेले नाही. घड्याळाच्या मनोऱ्याच्या पायऱ्या मी फक्त बसायला वापरल्या. दर ठिकाणी दारात हेच व्हायचं. रखवालदार पिशव्यांकडे बोट दाखवायचा, सगळे एकमेकांकडे बघायचे आणि मग सगळे माझ्याकडे. आणि पिशव्या तरी किती! डबे, थर्मास, स्वेटर, छत्र्या, ह्यांची घडीची खुर्ची, ह्यांचा नकाशा ठेवायची नळी. "तू बस, आम्ही पटकन येतो." पटकन! सकाळी पटकन गेलेली माणसं कबुतरं घरट्यात परतली की यायची, लाल गालांची, आणि एकदमच बोलायला लागायची. मी ऐकायचे. त्यातलंच मी तुम्हाला मागच्या पत्रात लिहिलं.

गुडघे तेव्हा चढण्याइतके चांगले होते. कुणी एकदा म्हणालं असतं, "चल," तर मी गेले असते. कुणी म्हणालं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. मला वाटायचं, आज नाही तर उद्या विचारतील.

आता यातली खरी गंमत ऐका. तिथे लॉकर होते! मनोऱ्याखाली लॉकर, संग्रहालयात लॉकर, ओळीने, निळ्या दारांचे, स्वच्छ. मी बँकेच्या लॉकर विभागात अख्खी नोकरी काढलेली बाई. लोकांच्या पिढ्यान् पिढ्यांचे दागिने माझ्या किल्लीने बंद झाले, एक कुडी इकडची तिकडे झाली नाही. मी ह्यांना म्हटलं, "इथे ठेवूया ना सामान." हे काय म्हणाले असतील? "छे! लॉकरवर कसला विश्वास ठेवायचा?"

माझ्याशी लग्न करून! माझ्या पगारावर घराची गच्ची बांधून! मी बाकावर बसून त्या निळ्या दारांकडे बघत राहायचे. नोकरीत निदान मला माहीत होतं की आतल्या वस्तू माझ्या नाहीत.

पण हे सगळं मी तुम्हाला लिहिलं नसतं, गिळून टाकलं असतं, परवा ते भाषण झालं नसतं तर. तुमची तयारी चाललीय म्हटल्यावर ह्यांनाही स्फुरण चढलं. वाचनालयाच्या हॉलमध्ये ह्यांनी भाषण ठेवलं, "परदेश प्रवास आणि प्रेक्षणीय स्थळे, काही उपयुक्त सूचना". पडदा लावला, फोटो लावले. मी पहिल्या रांगेत, मांडीवर ह्यांची शाल, ह्यांचा चष्म्याचा डबा आणि ह्यांच्या भाषणाचे जास्तीचे कागद. आणि पायाशी लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या दोन छत्र्या.

भाषण चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. वेळ छापलेली तिकिटं, सुट्टीचा वार, सगळं सांगितलं. राजवाडा बंद होता ते गाळलं. मग मनोऱ्याचे फोटो आले. हे, चिरंजीव, सूनबाई, मागे आकाश. हे एकटे, टोपीसह. हे एकटे, टोपीशिवाय. मग शेवटच्या रांगेतून वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई उठल्या. फार साध्या आहेत हो, मनात काही ठेवून विचारणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, "वहिनी कुठल्याच फोटोत दिसत नाहीत. त्या गेल्या नव्हत्या का?"

मी छत्र्यांकडे बघायला लागले.

हे म्हणाले, "नव्हती कशी? होती ना! ही बघा." आणि पुढचा फोटो लावला. वरून खाली काढलेला. खूप खाली हिरवळ, झाड, आणि झाडाजवळ एक ठिपका. ह्यांनी तो ठिपका मोठा केला, अजून मोठा केला. ती मी होते. बाकावर, डाव्या बाजूला, आणि भोवती रंगीबेरंगी पिशव्या. तुमची तपकिरी फ्रेम दिसली नाही, पण लाल थर्मास ओळखू आला.

"वर गेलो की मी आधी हिला शोधायचो," हे म्हणाले. "सगळीकडून काढलेत असे. घड्याळाच्या मनोऱ्यावरूनही आहे." आणि दाखवला. पायऱ्यांवर मी, खाली वर्तमानपत्र.

बायका म्हणाल्या, "अय्या, किती प्रेम!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ह्यांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर ह्यांचं वाईट वाटलं. खरंच त्यांनी मला शोधलं होतं. एवढ्या उंचावर, एवढा वारा, समोर अख्खं शहर पसरलेलं, आणि हा माणूस खाली वाकून लाल थर्मास शोधतोय. मला हे माहीतच नव्हतं. माझे डोळे भरून आले, सगळ्यांसमोर.

आणि मग, विहीणबाई, मला असा काही संताप आला! मी उठले. शाल, डबा, कागद सगळं खुर्चीवर ठेवलं आणि म्हटलं, "अहो, दिसले होते ना मी? मग हाक मारायची! खाली येऊन न्यायचं! लिफ्ट होती ना?"

ह्यांच्या हातातली ती लाल प्रकाशाचा ठिपका पाडायची काडी तशीच हवेत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना माझ्या वाक्यात दुरुस्ती सापडली नाही. ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या, "बरोबर आहे." मग टाळ्या वाजल्या, आणि या वेळी त्या कुणासाठी होत्या ते मला कळलं.

घरी येताना शाल, डबा, कागद ह्यांनीच उचलले. दारापर्यंत आल्यावर म्हणाले, "मला वाटलं तुला चढायला आवडत नाही." मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत कधी?" ते म्हणाले, "तू बोललीस कधी?" विहीणबाई, आम्ही दोघं बराच वेळ तिथेच उभे होतो, कारण किल्ली कुणाकडे आहे तेच सुचेना. अर्थात माझ्याकडेच होती.

आज सकाळी मी तुमच्या एजंटच्या इथल्या कचेरीत गेले. एकटी जाणार होते, पण हे बूट घालून मागोमाग आलेच. एजंटने संगणकावर बघितलं. जागा होती. खिडकीची. मी माझं नाव स्वतः एकेक अक्षर सांगितलं, नाव नावाच्या चौकटीत, आडनाव आडनावाच्या. हे शेजारी तोंड मिटून बसले होते, फक्त गुडघा हलत होता. मग एजंट म्हणाला, "मनोऱ्याची तिकिटंही आत्ताच काढून ठेवू का? मधल्या मजल्यापर्यंत की टोकापर्यंत?"

"टोकापर्यंत," मी म्हटलं. "दोन. सकाळची पहिली वेळ. एक माझं, एक आमच्या विहीणबाईंचं."

ह्यांच्याने राहवलं नाही. "अगं, पण मग सामान?"

तो एजंट, चांगला मुलगा आहे, संगणकातून डोकं वर न काढता म्हणाला, "काका, तिथे लॉकर असतात की. एकदम सुरक्षित."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते. मग आधी मला हसू फुटलं, मग ह्यांना. एजंटला वाटलं असेल, या दोघांना परदेशी पाठवावं की नाही.

परत येताना हे म्हणाले, "मीही येऊ का? मी बसतो बाकावर. सामानाजवळ. तुम्ही दोघी जा वर." मनापासून म्हणाले, डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "नको. मग मला वर जाऊन तुम्हाला शोधत बसावं लागेल. मला शहर बघायचंय." तर हे घरीच राहतील. झाडांना पाणी घालतील, गॅस बंद करायला शिकतील. पुढच्या वर्षी दोघं जाऊ, आणि दोघंही वर जाऊ, असं ठरलंय. चिरंजीवालाही मी फोन केला, स्पीकर बंद करून. म्हटलं, "येतेय, पण सामानाजवळ नाही, सामानापासून लांब." तो म्हणाला, "आई, सॉरी." मी म्हटलं, "सॉरी राहू दे, तिथे लॉकरला कुठलं नाणं लागतं ते बघून ठेव."

आता माझा शेवटचा सल्ला, आणि हा खालचा नाही. फक्त एक लहान पर्स आणा, गळ्यात अडकवायची. डबे नकोत, भूक लागली तर विकत घेऊ. छत्री नको, भिजलो तर भिजलो. लॉकरची किल्ली माझ्याकडे राहील, ती सवय सुटायची नाही.

आणि एक काम तुमच्या दुकानाचं. काल डॉक्टरांकडे जाऊन डोळे तपासून आले. जवळचा नंबर तोच आहे, लांबचा बदललाय. इतकी वर्षं लांबचं बघायची वेळच आली नाही, म्हणून कळलं नाही. नंबरचा कागद सोबत आहे. चष्मा करून विमानतळावर घेऊन या. फ्रेम तुमच्या पसंतीने, फक्त अशी निवडा की वाऱ्याने उडणार नाही.

कारण वर गेल्यावर मी नदी नंतर बघणार आहे, शहरही नंतर. आधी मला खाली बघायचंय, त्या झाडाजवळ. ते हिरवं बाक रिकामं कसं दिसतं, तेवढं एकदा डोळे भरून बघायचंय.

दोन्ही हात मोकळे ठेवून निघालेली,
तुमची
विहीण